कन्याशाळेची तुळई आणि हत्तीचा परवाना

जमीन भक्कम आहे हे दाखवून देण्यासाठी त्रिंबकमास्तर मोहोळकरांनी तिसऱ्यांदा पाय आपटला आणि ते छातीपर्यंत जमिनीत गेले.

ही एकोणीसशे अठ्ठावीस सालची, माघातली गोष्ट. जागा नवी पेठेच्या मागे, कन्याशाळेच्या अर्धवट इमारतीचं आवार. वेळ सकाळी साडेआठची. त्या वेळचं सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. पहिली पाळी आत गेली की रस्ते मोकळे व्हायचे, आणि ज्यांना स्वतःचं काम नाही अशी माणसं दुसऱ्याचं काम बघायला बाहेर पडायची. त्यामुळे मास्तर जमिनीत गेले तेव्हा बघायला पंधरावीस जण तरी हजर होते. मास्तरांची पगडी जागची हलली नव्हती. उपरणं खांद्यावर होतं. फळ्यावर गणित सोडवताना हातचा विसरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो तेवढा आला होता.

"हलू नका मास्तर," समोर उभा असलेला चन्नवीर मिस्त्री म्हणाला. "खाली पेव दिसतंय री."

पेव म्हणजे जोंधळा साठवायला जमिनीत खोदलेली कोठी. तोंड अरुंद आणि पोट मोठं, मडक्यासारखं. पूर्वी त्या जागेवर कुणा सावकाराचं खळं होतं म्हणतात. खळं गेलं, सावकार गेला, पेव मातीखाली तसंच राहिलं. मास्तर तोंडातच अडकले आणि पोटात गेले नाहीत, याचं श्रेय त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंच्या शेंगांच्या पोळ्यांना दिलं पाहिजे. बावीस वर्षं त्या पोळ्या खाऊन मास्तरांचा जो घेर झाला होता, तो त्या दिवशी कामी आला.

त्यांना बाहेर काढलं ते केराबाईच्या शेळीच्या दाव्यानं. केराबाई म्हणजे वळसंगची धनगरीण. आवाराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत ती वीसेक शेळ्या बांधायची आणि पेठेत दूध घालायची. दावं मास्तरांच्या काखेतून ओवून चौघांनी ओढलं. मास्तर वर आले, त्यांनी धोतर झटकलं, आणि कुणी काही बोलायच्या आत केराबाईच बोलली.

"धा वर्सं झाली, माज्या शेळ्या हितं फिरत्यात. एक पडली न्हाय. तुमीच पडला की."

आता मास्तर तिथं पाय आपटायला का गेले होते, ते सांगायला हवं. मास्तर मुलांच्या हायस्कुलात गणित शिकवत आणि कन्याशाळेच्या इमारत कमिटीचे चिटणीस होते. कन्याशाळा तोवर एका मठाच्या ओसरीत भरायची. तिथं तीनच वर्ग बसत. तिसरी झाली की मुलगी घरी, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द दुर्गाबाई तिसरीवर थांबल्या होत्या आणि त्यांना अजून व्यवहारी अपूर्णांकांची हळहळ होती. मास्तरांची शकुंतला आता तिसरीत होती. नव्या इमारतीत चौथी-पाचवीसाठी मोठी खोली बांधायची, मध्ये खांब नको म्हणून वरून एकच तीस फुटी लोखंडी तुळई टाकायची, असं ठरलं. तुळई आगगाडीनं आली, दोन गाड्या जोडून आवारात आणली गेली, आणि तिथं आडवी पडून राहिली. दोरखंड लावून वीस मजुरांनी ती एकदा ओढून बघितली. हातभर वर गेली, दोर तुटला, आणि ती अशी आदळली की शेजारच्या तीन घरांतली फडताळावरची भांडी खाली आली. कुणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मजूर आले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशीही आले नाहीत.

तेव्हा कुणीतरी यारीची गोष्ट काढली. यारी म्हणजे जड वस्तू उचलायचं यंत्र. चन्नवीर तिला क्रेन म्हणायचा, कारण तो गिरणीतला माणूस. मास्तर यारी म्हणत, कारण ते कोश बघून बोलत. गावातल्या एका गिरणीत अशी एक हातानं फिरवायची यारी होती. चार लोखंडी चाकं, उंच मान, दोन बाजूंना दोन मुठी. ओढायला बैलांच्या चार जोड्या लागत. गिरणीच्या साहेबानं ती भाड्यानं द्यायचं कबूल केलं, पण एकाच दिवसासाठी. फाल्गुनातल्या एका गुरुवारी बॉयलर धुण्यासाठी गिरणी बंद राहणार होती. त्या दिवशी सकाळी न्यायची आणि संध्याकाळी पाचच्या आत दारात आणून लावायची. शुक्रवारी ती कुठल्याशा पुलाच्या कामावर वर्षभरासाठी जाणार होती.

आणि साहेबाची अट अशी की चन्नवीर मिस्त्री जागा बघून हो म्हणाला तरच. चन्नवीर जागा बघायला आला होता. "जमीन भक्कम पाहिजे री," एवढंच तो म्हणाला. गणिताच्या मास्तरांना वाटलं, याला पुरावा पाहिजे.

पेवाकडे वाकून बघत चन्नवीरनं तीन गोष्टी सांगितल्या. खड्डा भरून दाबायचा. आवारात येणारी गल्ली बारा फूट रुंद मोकळी करायची, म्हणजे केराबाईचा शेळ्यांचा काटेरी आडोसा हलवायचा. आणि यारी पेठेतून न्यायची तर परवाना पाहिजे, कारण कागदाशिवाय साहेब फाटक उघडणार नाही.

"किती दिवस आहेत?" तो म्हणाला.

"सोळा," मास्तर म्हणाले.

चन्नवीर कानडीत काहीतरी पुटपुटला. मास्तरांना कानडी येत होती, पण त्यांनी न आल्यासारखं केलं.

खड्डा भरायचा कसा यावर पेठेत चार दिवस चर्चा चालली. या चर्चेचे अध्यक्ष आप्पा बोरामणीकर. आप्पा सरकारी रस्त्यांच्या कामावरचे निवृत्त ओव्हरसिअर. हातात काठी, बगलेत छत्री, आणि कुठलंही बांधकाम दिसलं की तिथं थांबून मान हलवायची सवय. ती मान अशी हलायची की खाली काम करणाऱ्या गवंड्याला आपली सात पिढ्यांची कारागिरी फुकट गेल्यासारखी वाटावी. आप्पा म्हणाले, चुन्याचं काँक्रीट भरा आणि सहा महिने मुरू द्या. सोनार म्हणाला, वाळू. तेलाचा व्यापारी म्हणाला, पेवात कुणाचं तरी धन असणार, आधी ते काढा, खड्डा आपोआप भरेल. तो कसा भरेल ते त्यानं सांगितलं नाही. पण दोन दिवस काही मंडळी कंदील सोडून आत बघत होती, आणि त्यांना एक मेलेली घूस दिसली.

शेवटी मास्तरांनी सोपा मार्ग काढला. ज्याच्या घरी दगडी, जड, मोडकं असं काही असेल ते आणून टाकावं, अशी त्यांनी विनंती केली. आणि पेठेनं जो प्रतिसाद दिला त्यानं मास्तरांचा ऊर भरून आला. फुटकी जाती आली. तडकलेली उखळं आली. झिजलेले पाटे-वरवंटे, पडक्या भिंतींचे दगड, कुणाच्या तरी आजोबांनी हौसेनं आणलेलं आणि कधी न वाजलेलं घंटेचं फुटकं बूड. बायका डोक्यावर घेऊन येत, आत टाकत आणि खाली धप्प आवाज झाला की समाधानानं परत जात. दुर्गाबाईंनी सासूबाईंच्या लग्नात आलेलं जातं आणलं. त्याची वरची तळी उभी चिरली होती. ते टाकताना त्या क्षणभर थांबल्या. "यावर तुमच्या मुंजीच्या लाडवांचं पीठ दळलं होतं म्हणे सासूबाईंनी," त्या म्हणाल्या, आणि ढकलून दिलं.

एकच अपघात झाला. आप्पा बोरामणीकरांच्या पत्नीनं या निमित्तानं माळा साफ केला आणि एक जड लाकडी पेटी गडीमाणसाकडून पेवात टाकवली. त्या पेटीत आप्पांची जमीन पातळीत आहे की नाही हे बघायची पितळी दुर्बीण होती, निवृत्तीच्या वेळी साहेबानं भेट दिलेली. आप्पांना हे कळलं तेव्हा वरून दोन गाड्या मुरूम पडला होता. ते खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी त्यांची मान हलली नाही, आणि मास्तरांना प्रथमच त्यांच्याबद्दल माया वाटली.

खड्डा भरला. चन्नवीर आला, त्यानं पहार उभी धरली आणि सोडून दिली. पहार हातभर आत गेली.

"भुसभुशीत," तो म्हणाला. "चाक बसलं की यारी आडवी. तुळई वर, आणि आपण खाली री."

आठ दिवस उरले होते. दोन माणसं धुमस घेऊन ठोकायला लावली तर महिना लागला असता. मास्तर पायरीवर बसले. पहारीनं केलेल्या भोकाकडे ते असं बघत होते की जणू त्यातून काही उत्तर वर येईल.

"मेंढरं फिरवा की," कुंपणापलीकडून केराबाई म्हणाली.

आप्पांना राग आला. तीस वर्षांच्या नोकरीत आपण एकाही रस्त्यावर मेंढरू वापरलेलं नाही आणि आपल्या खात्यात मेंढराला मान्यता नाही, असं त्यांनी सांगितलं.

"आमच्या गावच्या तळ्याचा बांध मेंढरांनीच दाबलाय," केराबाई म्हणाली. "अजून थेंब गळत न्हाई. पल्याडचा सायबानं केला, त्यो दोनदा फुटला. तुमीच हुता का त्यो?"

आप्पा होते की नव्हते हे कुणाला कळलं नाही, कारण त्यांना त्याच वेळी घरी काम आठवलं.

तिसऱ्या दिवशी केराबाईचे भाऊ येडू आणि सिदू वळसंगाहून दोनशे मेंढरं घेऊन आले. मुरुमावर पाणी शिंपायचं, मेंढरं गोल फिरवायची, पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा मेंढरं. आठशे खूर दिवसभर तिथं ठोकत होते. मास्तरांनी मेंढराचं सरासरी वजन आणि खुराचं क्षेत्रफळ धरून एक गणित मांडलं. उत्तर इतकं मोठं आलं की त्यांनी ते दोनदा तपासलं आणि मग खिशात ठेवलं. येडू मधे चालायचा, सिदू कडेनं, आणि दोघं हुर्र हुर्र करत असं काही म्हणत की ऐकणाऱ्याला झोप यावी. ओळीत वळण घेणारी ती पांढरी-काळी पाठ, मातीचा तो ओला वास आणि त्यात कुणाच्या तरी परसातून येणारा भाकरीचा वास. तीन दिवस पेठेतली मुलं शाळेत गेली नाहीत. चवथ्या दिवशी चन्नवीरनं पहार सोडली आणि ती टणकन उडून त्याच्या पायाजवळ पडली. त्यानं पहिल्यांदा केराबाईकडे बघून मान लववली.

"आता तुजा आडोसा हलव अक्का," तो म्हणाला.

"न्हाय," केराबाई म्हणाली. "नव्या जागी शेळ्या दूध देत न्हाईत. मी हलवला तर पेठंतली लेकरं काय पितील?"

हा मुद्दा बिनतोड होता. दीड तास बोलणी चालली. अखेर असं ठरलं की बुधवारी दुपारी शेळ्या मास्तरांच्या घरच्या परसात जातील आणि शुक्रवारी परत येतील, कारण मास्तरांचं परस जवळ आहे आणि शेळ्यांनी ते कुंपणातून अनेकदा पाहिलेलं आहे. दुर्गाबाईंना हे शेवटी सांगण्यात आलं, आणि तेही शेळ्यांनी दारात उभं राहून. त्यांनी तुळस उचलून माडीवर नेली, वाळत घातलेली लुगडी काढली, आणि मास्तरांना विचारलं, "तुमचे सहावीचे पेपर कुठं आहेत?" मास्तर धावत ओसरीवर गेले. सतरा पेपर गेले होते. त्या वर्षी सहावीच्या सतरा मुलांना मास्तरांनी आठवणीनं गुण दिले, आणि त्यांपैकी कुणीच तक्रार केली नाही.

राहिला परवाना.

परवान्यांच्या कचेरीत ज्या कारकुनापुढं मास्तरांना उभं राहावं लागलं तो बाळू. आता बाळकृष्णपंत. मास्तरांनी त्याला त्रैराशिकात तीन वर्षं एकाच इयत्तेत बसवला होता. मास्तरांना बघताच तो उठला, वाकून नमस्कार केला, आपल्या उपरण्यानं खुर्ची पुसून दिली, आणि नंतर तीन दिवस त्यांना त्या खुर्चीवर बसवून ठेवलं. हे सूड म्हणून नव्हतं. त्याला खरोखरच मार्ग सापडत नव्हता.

"मास्तर, वस्तू कोणती म्हणालात?"

"यारी."

"यारीला रकाना नाही." बाळूनं नियमांचं पुस्तक पुढं केलं. "बैलगाडी, टांगा, मेणा, वरात, पालखी, ताबूत, मांडव, उंट, हत्ती."

"गाडी लिही की."

"गाडीला वीस मणांची हद्द आहे. तुम्ही साठ मण म्हणता. मांडव लिहिला असता, पण मांडव रस्त्यानं चालत नाही. चालणारं आणि साठ मणांपर्यंत चालणारं असं पुस्तकात एकच आहे."

मास्तरांनी पुस्तकात पाहिलं, बाळूकडे पाहिलं, आणि पुन्हा पुस्तकात पाहिलं.

"बाळू, ते लोखंडाचं यंत्र आहे."

"मला कळतं मास्तर. पण वरती विचारलं तर साहेब पुण्याला लिहिणार. पुण्याचं उत्तर ज्येष्ठात येणार. तुमचा गुरुवार परवाचा ना?" बाळूनं टाक दौतीत बुडवला. "तुम्ही मला तीनदा बसवलंत त्याचा राग नाही. पण त्यात मी एक शिकलो. खरं उत्तर येत नसलं तर जवळचं उत्तर लिहायचं आणि पुढचं गणित घ्यायचं."

बावीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी चुकीच्या उत्तराखाली कधी सही केली नव्हती. त्या दिवशी केली. परवान्यात अटी होत्या. सोबत माहूत असावा. जनावर मस्तीत नसावं. रस्त्यात पडलेली लीद परवानेवाल्यानं स्वखर्चानं उचलावी. मास्तरांनी तिन्ही अटी वाचल्या आणि कागद घडी करून पगडीत ठेवला.

नियमाप्रमाणे परवान्याची एक प्रत कचेरीच्या दारावर चिकटली, आणि तासाभरात सगळ्या पेठेला कळलं की गुरुवारी कन्याशाळेत हत्ती येतोय.

बुधवारी दिवसभर मास्तर जो भेटेल त्याला सांगत होते की तो हत्ती नाही. लोक हसून मान डोलवत. मास्तर मुद्दाम गुपित ठेवतायत असं त्यांना वाटे. कुणी म्हणालं, अक्कलकोटाकडून कुणी मुलींच्या शाळेला हत्ती दान दिलाय. कुणी म्हणालं, तुळई हत्तीच सोंडेनं चढवणार, आणि हे इतकं पटण्यासारखं होतं की त्यानंतर दुसरं काही कुणी ऐकेना. आप्पा बोरामणीकर संध्याकाळी येऊन हत्ती कुठं बांधावा ते दाखवून गेले.

गुरुवारी नऊ वाजता नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदारांनी अर्ध्या फळ्या लावल्या होत्या. बायका ताटात नारळ, केळी, गुळाचे खडे घेऊन ओट्यांवर उभ्या. घोंगड्या, टोप्या, पगड्या, आणि बापांच्या खांद्यावर पोरं. लांबून चाकांची घरघर ऐकू आली. गर्दी पुढं सरली. आणि वळणावरून बैलांच्या चार जोड्या आल्या, त्यांच्यामागं वर मान काढलेली लोखंडी यारी, आणि यारीवर मूठ धरून बसलेला चन्नवीर.

ओट्यांवरची ताटं हातातच राहिली. मग एक म्हातारी बाई पुढं झाली. तिला अंधूक दिसत असावं. तिनं यारीच्या चाकाला कुंकू लावलं, साखळीवर केळं ठेवलं आणि हात जोडले. मग बाकीच्याही झाल्या. आणलेली केळी परत कोण नेणार?

तेवढ्यात मास्तरांच्या खांद्यावर हात पडला. दस्तगीर हवालदार. उंच, शांत, मिशीला मेंदी लावलेला माणूस.

"मास्तरसाब, हाथी किधर है?"

मास्तरांनी पगडीतून परवाना काढला आणि सगळं समजावून सांगितलं. रकाने, मण, पुणे, ज्येष्ठ. दस्तगीरनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कागद पे हाथी है," तो म्हणाला. "रस्ते पे लोखंड है. फौजदारसाबकू मै क्या बोलूं? आप चौकी पे चलो. साब आयेंगे, देखेंगे, बस."

"आणि यारी?"

"हाथी आता तो मै रोकता. लोखंडका मेरेकू कुछ हुकूम नही."

मास्तरांनी चन्नवीरला ओरडून सांगितलं की मी येईपर्यंत तुळईला हात लावू नकोस. चन्नवीर म्हणाला, "व्हय री," आणि बैल हाकले. मास्तरांना अटक झाल्यासारखं दिसू नये म्हणून दस्तगीर दहा पावलं मागं चालला. त्यामुळे बघणाऱ्यांना असं वाटलं की मास्तर हवालदाराला घेऊन कुणाला तरी पकडायला निघालेत, आणि त्यांना वाट करून देण्यात आली.

चौकीत फौजदार नव्हते. अक्कलकोट रस्त्याला गेले होते, येतील म्हणाले. मास्तर बाकावर बसले. दहा वाजले. अकरा वाजले. मास्तर मनात यारी चालवत होते. आता गल्लीत शिरली असेल. आता मुरुमावर आली असेल. चाक बसलं तर? पेवाच्या कडेला मेंढरं नीट फिरली होती का? त्या कोपऱ्यात येडूनं एकदा चिलीम ओढायला थांबून मेंढरं वळवली होती, ते मास्तरांनी स्वतः पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. आणि समोर दुर्गा असेल, शकू असेल, ओट्यावरची सगळी पोरं असतील. मास्तर उठले, दारापर्यंत गेले, परत बसले.

दस्तगीरनं चहा आणून दिला. त्या काळात दस्तगीरच्या हातचा चहा मास्तरांच्या घरात चालण्यासारखा नव्हता. मास्तरांनी तो दोन घोटांत संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

साडेबाराच्या सुमाराला पेठेच्या बाजूनं एकदम आरडाओरडा झाला. शेकडो माणसांचा एकत्र आवाज. मास्तर ताडकन उठले. ते दाराकडे निघाले.

"बैठो मास्तरसाब," दस्तगीर म्हणाला. त्यानं मान तिरकी करून थोडं ऐकलं. "बीस साल मै गर्दीमें खडा हूं. कुछ गिऱ्या तो चिल्लाना अलग होता. ये अच्छा चिल्लाना है."

मास्तर बसले. मग त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि धूळ फार आहे म्हणाले. दस्तगीर म्हणाला, हां, फार आहे.

फौजदार दीड वाजता आले. त्यांनी परवाना वाचला, मास्तरांकडे पाहिलं, दोनच प्रश्न विचारले. लीद पडली का? नाही. जनावर परत गेलं का? जाईल, पाचच्या आत. मग फौजदारांनी परवान्यावर 'अटींचे पालन झाले' असा शेरा मारला आणि जेवायला गेले.

मास्तर धावत आवारात पोचले तेव्हा यारी निघून गेली होती; पाचची मुदत धरून चन्नवीर थांबला नव्हता. मुरुमावर तिच्या चाकांच्या चार ओळी होत्या, बोटभरही खोल नव्हत्या. नारळाच्या करवंट्या, केळ्यांच्या साली, कुंकू. आणि वर, दोन भिंतींवर डोकी टेकून, तुळई सरळ बसली होती. खालून निळं आभाळ दिसत होतं आणि त्यावर तिची एक काळी रेघ.

सगळे एकदम सांगू लागले. आप्पा म्हणाले, एकंदर पंधरा मिनिटं, आपण घड्याळ लावून बघितली. सोनार म्हणाला, चन्नवीरनं मूठ फिरवली तेव्हा त्याच्या दंडाचा आवाज आला. सिदू म्हणाला, मधे एकदा थांबली, तेव्हा कुणी श्वास घेतला न्हाई, बैलांनीसुदा न्हाई. कुणी मास्तरांना विचारलं नाही की तुम्ही कुठं होता. सोळा दिवसांत मास्तरांइतकं त्या तुळईमागं कुणी धावलं नव्हतं. आणि अख्ख्या पेठेत ती वर जाताना ज्यानं पाहिली नाही असा माणूस एकच होता.

घरी ते जेवायला बसले. परसात शेळ्या ओरडत होत्या. दुर्गाबाई ताकाची वाटी पुढं सरकवून म्हणाल्या, "आधी वाटलं, हलतच नाही. साखळी नुसती ताठ झाली. मग तुळईच्या खालून उजेड दिसला."

"किती?"

"सुताएवढा. इकडून तिकडपर्यंत. तुळई जमिनीवर होती आणि आता नव्हती." त्यांनी ताटात भाकरी वाढली. "तेव्हाच सगळे ओरडले. पुढचं मी नीट बघितलंच नाही, डोळे भरून आले."

मास्तरांनी पुन्हा ताक मागितलं, आणि तो उजेडाचा भाग त्यांनी दुर्गाबाईंकडून त्या आठवड्यात आणखी तीन वेळा ऐकला.

ज्येष्ठात चौथीचा वर्ग भरला. पहिल्या दिवशी छोटा समारंभ झाला. नव्या खोलीत, नव्या तुळईखाली अकरा मुली पुढं बसल्या, शकू त्यांत होती. मागं कमिटीची मंडळी, चन्नवीर, दस्तगीर, बाळू, आणि दाराशी उंबऱ्यावर केराबाई. कमिटीच्या अध्यक्षांनी चिटणीस मास्तरांना विनंती केली की ही तुळई कशी चढली ते त्यांनी मुलींना सांगावं. मास्तर उठले. भाषण त्यांनी लिहून आणलं होतं. त्यांनी कागद उघडला, वाचायला चष्मा लावला, आणि चष्मा काढला.

"मी तिथं नव्हतो," ते म्हणाले. "केराबाईंना विचारा. त्यांनी पाहिलंय."

मास्तर खाली बसले. केराबाई आधी लाजली. मग पदर खोचून आत आली आणि मुलींपुढं जमिनीवर बसली.

"मास्तर न्हवतं म्हणून नीट झालं," ती म्हणाली, आणि सगळे हसले, मास्तरही. "आयका. ही एवढी जड तुळई, वीस गड्यांस्नी हलली न्हाई. चन्नवीरअण्णानं मूठ धरली. एक फेरा. दोन फेरं. साखळी करकर करती. आन मग बगा, ही तुळई उठली, उठली, आन गेली चाळीस हात वर, पाखरागत..."

शेजारी बसलेले आप्पा बोरामणीकर मास्तरांच्या कानाशी वाकले. "चौदा फूट," ते कुजबुजले. "भिंत चौदा फूट आहे. सांगा तिला."

"असू द्या चाळीस हात," मास्तर म्हणाले, आणि हनुवटीला हात लावून पुढं ऐकू लागले.